रुवेंझोरी आधी कोणी पाहिला

सर, रुवेंझोरीवरचा माझा लेख रविवारच्या पुरवणीत घेतो, असं आज दुपारी संपादकांनी फोनवर पक्कं केलं. अट एकच. ‘हा पर्वत परक्यांना उशिरा दिसला’ हे वाक्य काढायचं आणि ‘एका युरोपीय प्रवाशाने या पर्वताचा शोध लावला’ असं घालायचं. मी नाही म्हटलं. इतकी वर्षं मजकूर वेळेत दिला, कापला तरी भांडलो नाही, त्यामुळे त्यांना जरा नवल वाटलं.

तळोद्याच्या वर्गात हा आफ्रिकेतला पर्वत तुम्हीच दाखवलात. विषुववृत्ताजवळ बर्फ, माणसाहून उंच लोबेलियाची झुडपं, शेवाळानं मढलेली झाडं, आणि बहुतेक दिवस सगळं ढगात. तो प्रवासी आधी एकदा जवळून गेला तरी ढगांमुळे त्याला काहीच दिसलं नाही, हे तुम्ही रंगवून सांगता आहात. मी उभा राहून विचारतो, “सर, तठे ऱ्हातस त्यास्ले दिसे नही का?” वर्ग हसतो. घरची बोली वर्गात आली की तोच प्रश्न शुद्ध मराठीत पुन्हा विचारायचा, हा तुमचा नेम. मी पुन्हा विचारतो, तिथे राहणाऱ्यांना दिसत नव्हता का? तुम्ही म्हणता, “ज्याची नोंद, त्याचा शोध. बसा खाली, प्रवासी महाराज.” पुढे शाळा सुटेपर्यंत पोरं मला महाराजच म्हणत.

ते उत्तर मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पायथ्याचे बाकोंझो लोक त्या बर्फात देव राहतो असं मानत आले. न पाहताच? आता तो बर्फ वितळत चाललाय. मध्यंतरी धरणात बुडालेल्या मणिबेलीला बोटीनं गेलो, तेव्हा शेजारी बसलेल्या तिथल्या म्हातारीनं पाण्याकडे हात करून तिचं शेत कुठे होतं ते दाखवलं. रुवेंझोरीचा बर्फ संपला की तो कुठवर होता हे असंच कोणीतरी हात करून सांगेल, आणि त्याला कोणी शोध म्हणणार नाही. म्हणून वाक्य आहे तसंच राहणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक कबूल करतो. तुम्ही असतात तर हे तुमच्या तोंडावर बोललो नसतो. त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं, तेही खाली बघूनच. पान लावायच्या आधी संपादक आणखी एकदा फोन करतील. मी तेच सांगेन. मग रविवारी माझ्या लेखाच्या जागेवर बहुधा एखाद्या साडी सेंटरची जाहिरात असेल. असू दे.