धुण्याचा दगड

माय, तुझा धुण्याचा दगड आता देवी झाला आहे. बागेच्या फाटकावर नवा फलक लागलाय, त्यावर तिला 'प्राचीन नदीदेवी' म्हटलंय, आणि ते वाचून हसावं की कपाळ बडवावं तेच मला कळेना. फलकावर बागेचा सगळा इतिहास आहे. भोसल्यांच्या काळी इथे देवळांसाठी फुलं पिकायची, मग इंग्रज साहेबांनी बँड वाजवायला गोल ओटा बांधला, मग आमच्या लहानपणची झुकझुक गाडी आणि पिंजऱ्यातले मोर. आता काचेचा पूल आहे, गाण्यावर नाचणारं कारंजं आहे, नागनदीकडे पाठ करून उभा असलेला सिमेंटचा डायनासोर आहे. माझ्या लहानपणी आलेल्या पुराबद्दल मात्र एक ओळ नाही.

बागेला लागून आपली चाळ होती. पूर ओसरला तेव्हा भिंती उभ्या होत्या, शेजारची आजी नव्हती. बाबांना सोबत घेऊन तू आपला धुण्याचा दगड उचललास आणि चिखलातून वर वर गेलीस, थेट वरच्या फाटकाजवळच्या चिंचेपर्यंत. पाणी जिथवर चढून काडीकचरा सोडून गेलं होतं, तिथे तो रोवलास. पुढे दर श्रावणात तू नदीची ओटी भरायचीस ती तिथेच, पाण्यापासून एवढी लांब. बाकीच्या बाया तुला हसायच्या. मला आत्ताही दिसतंय, मी फ्रॉकमध्ये आहे, दगडाच्या खालच्या उतारावर फुटाणे खात बसले आहे, आणि तू दंड धरून मला ओढतेस. "काहून वं, दगडाच्या खाली बसून राहिली? नदी इथवर येऊन गेली ना! तिची जागा हाय थे. तिले याद हाये, तुलेच नाही." तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता.

तू लावलेलं कुंकू त्या दगडावर साचत गेलं. तू गेलीस, पण कुंकू काही थांबलं नाही. कोणी शेंदूर लावला, कोणी चांदीचे डोळे बसवले. पाणी देवीच्या पुढे येत नाही, असं लोक म्हणू लागले, आणि दगड चिंचेखाली होता तोवर ते खरंही होतं. मग बागेचं नूतनीकरण निघालं. एका सकाळी भाजी घेऊन येताना पाहते तर दगड क्रेनला लटकलेला. मी धावत गेले. म्हटलं, अहो, ही पुराची खूण आहे, हलवू नका. तिथल्या मुकादमाने आधी दगडाला हात जोडले, मग मला. "काकू, देवीले नदीपाशीच पाहिजे न. तिथं आरती मस्त दिसते." नदीच्या अगदी काठाला घाट बांधून त्यांनी तिला तिथे बसवलं. दगड खाली गेला आणि लोकांचं म्हणणं तेच राहिलं.

आपल्या चाळीच्या जागी आता मोठी इमारत आहे. माझ्या लेकीने तिथेच घर घेतलं, तळमजल्यावर, मांडीवर तान्हं बाळ असताना. किती समजावलं तिला. ती म्हणते, "आई, तू न उगाच टेन्शन घेऊन राहिली. देवी आहे न समोर. तिच्या पुढे पाणी येतच नाही, सगळेच म्हणतात." धुण्याच्या दगडाची गोष्ट सांगितली तर जावई गालातल्या गालात हसले. तुझाही राग आला मला, माय. नुसता दगड रोवून थांबली असतीस, कुंकू लावलं नसतंस, तर काय बिघडलं असतं?

कालपासून पावसाने ठाण मांडलंय. वरचा तलाव भरलाय म्हणतात. सकाळी घाटाच्या पायऱ्या बुडाल्या आणि मला राहवेना. मी लेकीला फोन करून सांगितलं, तुझी आजी स्वप्नात आली होती, गळ्यापर्यंत भिजलेली, पोरीला तिथून हलव म्हणाली. तिने लगेच बॅग भरली. दुपारपर्यंत बाळाला घेऊन माझ्याकडे आली. वर्षभर खरं सांगून जे झालं नाही, ते एका थापेनं झालं. मी देवापुढे साखर ठेवली.

आत्ता तिच्या शेजारणीचा फोन आला. निघताना लेकीने तिला माझं स्वप्न सांगितलं होतं. "काकू, तुमच्या आईले देवीनंच धाडलं. देवी कोपली हाये. संध्याकाळी आमी साऱ्या बाया घाटावर ओटी भराले जाऊन राहिलो. लेकरंबी संग नेतो, दर्शन होईल." मी ओरडलेच, जाऊ नका म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याच आईचं सांगणं हाये न, काकू."

तुझं कुंकू, माय, आणि माझं स्वप्न. त्या बायांना अडवायचं तर स्वप्न खोटं होतं हे सांगावं लागेल, आणि ते लेकीच्या कानावर जाणारच. तिला थापा सहन होत नाहीत, अगदी तुझ्यावर गेली आहे. ती बाळाला उचलेल आणि परत त्या घरी जाईल. दाराशी ठेवलेली बॅग तिने अजून उघडलेलीसुद्धा नाही. आत ती बाळाला तेल लावतेय, बाळ खिदळतंय.

छत्री काढून ठेवली आहे. आता आत जाऊन आधी तिलाच सांगते, मग घाटावर जाते. हा कागद पाठवायचा तरी कुठे, डाळीच्या डब्याखाली राहू दे. एक मात्र तुला सांगायचं राहिलं. तू गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आली नाहीस, माय. मी रोज वाट पाहते.