खुट्यांभोवतीचं गवत

बाबा, आपल्या गायरानात यंदा गवत कमी आणि ढोरं तोंड लावत नाहीत तो तरोटा जास्त निघाला, आणि त्याचा संशय मी आधी काकांवर घेतला. तुमच्यानंतर गावची ढोरं तेच राखतात. संशय घ्यायला मला वेळ लागत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही बाजारातून चिवड्याचा पुडा आणायचात तेव्हा मी तो आधी हातात तोलून बघायची आणि वाटेत किती खाल्लं ते विचारायची.

माझं काम अजून तेच, श्रावण ते कार्तिक, दरवर्षी नवा करार. पावसाळ्यात गायरानात लोखंडी खुट्या ठोकायच्या. पाऊस सरला की प्रत्येक खुटीपाशी मीटरभराची चौकट टाकायची आणि आत गवत कोणतं, उघडी माती किती, शेण पडलंय का, ते लिहायचं. काही वर्षांनी त्याच खुट्यांवर परत जाऊन कुरण सुधारलं की बिघडलं ते सांगायचं. मी पहिल्यांदा मोजलं ते आपलंच गायरान. तेव्हा ढोरं तुमच्या हाती होती. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. यंदा इतक्या वर्षांनी तिथे परत गेले, तर आकडे असे घसरलेले की साहेब म्हणाले, गायरान पाच वर्षं बंद करू, कुंपण घालू. पिकाखालच्या धानाच्या बांध्या सोडल्या तर आपल्या गावात ढोरांना तोंड घालायला दुसरी जागा नाही. गायरान बंद झालं तर अर्ध्या गावाच्या दावणी रिकाम्या होतील.

मी दोन दिवस सकाळी झुडपाआडून काकांचा कळप मोजला. मग सरळच विचारलं, "काका, बाहेरगावची ढोरं घेता का चारायला?"

काकांनी बिडी विझवली. "मले काहून पुसून राहिली वं? तुया बापाले पुसाचं होतं. तो त्या खुट्यांपाशी ढोर फटकूच देत नोहोता. काठी घेऊन उभा राहे. म्हने, पोरीचा पेपर हाये, तोंड नोका लावू."

मी हसले, पण घरी येऊन जुने कागद काढल्यावर हसू पळालं. शेणाचा रकाना पहिल्या खुटीपासून शेवटच्या खुटीपर्यंत कोरा. गावभराची ढोरं रोज जिथून जायची तिथे शेणाचा एक पो नाही! म्हणजे यंदा गवत घटलं नव्हतं. त्या वर्षीच तुम्ही ते राखून वाढवलं होतं, आणि मी तेच गायरानाचं खरं गवत म्हणून लिहून दिलं होतं.

खुट्या ठोकल्या त्या दिवशीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई तरोट्याची भाजी परतते आहे, तुम्ही पाटावर बसलाय. "गवत मोजून का होते वं?" तुम्ही विचारता. मी फुशारकीने सांगते की काम साहेबांना आवडलं तर पुढच्या वर्षीही मलाच बोलावतील, आणि गवत फार कमी निघालं तर गायरान बंद करतील. तुम्ही "बरं" म्हणता आणि आणखी भात मागता. पुढे मोजणीच्या दिवशी मी चौकट टाकायला वाकले, तर तुम्ही लांबून ओरडलात, "चपला काढ वं, गवत तुडवून राहिली!" सोबतच्या लोकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

आता माझा संशय तुमच्यावर आहे. पोरीचा पेपर म्हणे! तुम्ही काही इतके भोळे नव्हता. बैलाच्या तोंडात न बघता त्याचं वय सांगणारा माणूस दोन्ही कान उघडे ठेवून जेवत होता. तुम्ही गायरान वाचवत होता आणि विचारणाऱ्याला भोळा चेहरा दाखवत होता, असं मला दहादा वाटतं. मग अकराव्यांदा त्या चपला आठवतात, काही लपवणारा माणूस लोकांसमोर असं ओरडेल का असं वाटतं, आणि मी पुन्हा गोंधळते. ते काही असो, तुमच्या राखणीपायीच गायरानाला कुंपण पडायची वेळ आली होती.

काल मी साहेबांना लिहून दिलं की पहिली मोजणी धरू नका, खुट्यांपाशी चराई रोखलेली होती आणि ते मी तपासलं नाही. त्यांनी कागद वाचून फायलीत ठेवला. मग म्हणाले, कुंपणाचं थांबवतो, आणि तुमचं पुढच्या वर्षाचं कळवतो. असं 'कळवतो' म्हटलेल्या माणसाला पुन्हा बोलावलेलं मी अजून पाहिलेलं नाही. चराई कुणी रोखली, असंही त्यांनी विचारलं. गावातल्या एका माणसाने, मी म्हटलं. माझ्या वडिलांनी, एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? पण एक सांगायचं राहिलंय. शेणाचा रकाना कोरा राहतोय हे मला त्या दिवशी भरतानाच दिसलं होतं. मी मान वर करून तुमच्याकडे बघितलंही होतं. तुम्ही मोहाच्या झाडाखाली उभे होता आणि लगेच दुसरीकडे बघितलंत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही 'गायरानासाठी' म्हणाला असता, अशी मला भीती वाटली. मला ते माझ्यासाठी हवं होतं, बाबा. अजूनही हवं आहे.