मालवणचे त्रेचाळीस कागद

दौलतगंज, लश्कर
१० जानेवारी १९४१

प्रिय लक्ष्मीकांत,

पत्राच्या वर काहीतरी लिहावं लागतं, म्हणून 'प्रिय'.

काल तुमच्या कॉलेजातलं प्रदर्शन पाहिलं. मालवणला मामांकडे महिनाभर राहून मी गोळा केलेल्या समुद्रशेवाळाचे त्रेचाळीस कागद भिंतीवर होते आणि खाली तुमचं नाव. दारातला चपराशी मलाच समजावत होता, "बाईजी, साहब खुद समुंदर में उतरे थे." पावसात इथला स्वर्णरेखेचा नाला ओलांडायला ज्यांना टांगा लागतो, ते साहेब!

वाङ्‌निश्चयाच्या दुसऱ्या दिवशी ते कागद मी तुम्हांला अभ्यासायला दिले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तुझं-माझं काय?" ते वाक्य मला आवडलं होतं. हेही नोंदवून ठेवते.

चोरी तरी नीट करायची. शेवाळ परातीतल्या पाण्यात पसरून खालून कागद सरकवला की ते स्वतःच्याच चिकटीनं कागदाला धरून बसतं. तुम्ही वर डिंक फासलात. तांबड्या जातींवर डाग पडलेत. माझ्या चिठ्ठ्या काढून प्रत्येक कागदावर नवी लावलीत: 'कार्तिकी पौर्णिमा, दुपारी बारा, किनाऱ्यावरील खडक'. पौर्णिमेला मालवणात भर दुपारी भरती असते. ते खडक तेव्हा पुरुषभर पाण्याखाली असतात. मी पहाटेच्या ओहोटीला जात होते. समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाला बारा ही वेळ सोयीची वाटली असणार. तोपर्यंत तुमची आंघोळ तरी झालेली असते.

आज सकाळी तुमच्या मातोश्री सुलोचनाबाई एक मसुदा ठेवून गेल्या: 'हा संग्रह माझ्या भावी पतींनी केलेला आहे.' खाली माझ्या सहीला जागा. सोमवारी संग्रह तपासायला मद्रासहून परीक्षक येणार, त्यांना दाखवण्यासाठी. "सही कर हो, नाहीतर माघातला मुहूर्त विसरा," असं हसत हसत म्हणाल्या. आमचे नाना मुलीचे वडील, तेव्हा घाबरतील, असं तुम्ही दोघांनी धरलेलं दिसतं. मसुदा सहीविना सोबत परत पाठवते आहे. माझी मालवणातल्या रोजच्या नोंदींची वही परीक्षकांपुढे मी स्वतः ठेवीन. लग्न मोडेल, हे नानांना सांगितलं. ते बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी टांगा किती वाजता सांगू?"

तुमची, या पत्रापुरती,
वनमाला