आधीच भरलेला अहवाल

दि. १४ मार्च

चि. खोडरबर यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मुद्रितशोधकाच्या खुर्चीत बसून तुला वीस वर्षं झाली, तरी बहिणीच्या पत्रातल्या चुकांना लाल गोल करून ते परत पाठवायची तुझी सवय काही जात नाही.

परवा निवडणुकीची कामगिरी आटोपली. मी केंद्राध्यक्ष, आमच्याच शाळेत, सातवीच्या वर्गात. माझं काम तुला ठाऊकच आहे. आदल्या दिवशीच सगळे कागद सुवाच्य अक्षरात भरून तयार, आकडे तेवढे संध्याकाळी घालायचे. इतर केंद्रांवरची मंडळी पेट्या जमा करताना जमिनीवर बसून अहवाल लिहीत होती, तेव्हा मी कागद देऊन मोकळीसुद्धा झाले. तुझे भाऊजी म्हणतात, ही स्वतःच्या निरोपाचं भाषणही स्वतःच लिहून ठेवेल. निवृत्तीला सातच महिने उरलेत, तेव्हा लिहायला घ्यायला हवं.

आमचा शिपाई पायरीवरून पडला, त्याचं मनगट मोडलं. मला जरा थकवा आहे. बाकी सगळं ठीक. सौ.ला आशीर्वाद सांग आणि बहिणीची आठवण ठेव.

तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

या वेळी तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही. तू मनापासून लिहितेस तेव्हा दहा तरी सापडतात. म्हणून पत्र पुन्हा वाचलं.

काल माझ्या टेबलावर एक बातमी तपासायला आली. तुमच्या केंद्रावरच्या एकेचाळीस बायकांनी सह्यांनिशी तक्रार केली आहे. दुपारी तीनला वीसेक माणसं काठ्या घेऊन आत शिरली, रांग पांगवली, दार लावून घेतलं आणि एका शिपायाचा हात मोडला, असं त्यांचं म्हणणं. खाली अधिकाऱ्यांचा खुलासा होता की केंद्राध्यक्षांच्या अहवालात मतदान शांततेत पार पडल्याची नोंद आहे, सबब तक्रार निकाली काढली. उमेदवार निवडून आलाय तो एकसष्ट मतांनी.

केंद्राचा क्रमांक मी तीनदा ताडून पाहिला. ताई, तो शिपाई खरंच पायरीवरून पडला का? नसेल, तर तुझं गप्प बसणं तुला शोभत नाही. लहानपणी मी खोटं बोललो की तू दोन-दोन दिवस माझ्याशी अबोला धरायचीस. रागावू नकोस, पण जे घडलं ते वरच्यांना लिहून कळव.

भाऊजींना नमस्कार. तुझा राग सोसायला तयार असलेला,

धाकटा

दि. २४ मार्च

चि. भावास आशीर्वाद.

रागावू नकोस म्हणतोस, पण मी रागावले आहे. पंख्याखाली बसून बहिणीला सल्ले देणं सोपं असतं.

तो पायरीवरून पडला नाही. ती माणसं आली तेव्हा पोलीस चहाला गेले होते. त्या माणसांनी कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि माझ्याच टेबलावर बसून भराभर शिक्के मारले. शिपाई पेटीवर आडवा पडला. त्यांनी त्याला ओढलं, मारलं, आणि त्या मतपत्रिका पेटीत कोंबल्या. मी फळ्याला पाठ लावून उभी होते. त्यांच्यातले दोघे माझे विद्यार्थी. एकाने जाताना मला वाकून नमस्कार केला. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी पेटी जमा करताना कारकुनाने कागद मागितले. तो अहवाल तयारच होता. ‘मतदान शांततेत पार पडले’ ही शेवटची ओळ आदल्या दिवशी लिहिलेली, दर निवडणुकीला लिहिते तशी. ती खोडायला एक रेघ पुरली असती, पेनही हातातच होतं. सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं आणि मी मान हलवली. कोऱ्या कागदावर मी ती ओळ त्या संध्याकाळी लिहू शकले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. पण कागद भरलेला होता.

आता खरं सांगितलं तर निलंबन ठरलेलं. शिवाय त्या माणसांना आमचं घर माहीत आहे. तुझे भाऊजी रात्री दाराची कडी दोनदा बघतात. काल शिपायाला भेटायला गेले. तो म्हणाला, बाई, तुमच्या अहवालाशी जुळेल असंच मी पहिल्यापासून सांगतोय, पायरीवरून पडलो म्हणून. त्याच्या घरचं पाणी न पिताच मी उठले.

काय करावं ते अजून ठरत नाही. तू सांगू नकोस.

ताई

दि. २९ मार्च

ती. ताईस सा. न.

मागचं पत्र मी लिहायला नको होतं, निदान तशा सुरात तरी. तुझ्या जागी मी असतो तर फळ्याला टेकूनही उभा राहिलो नसतो, खिडकीतून पळालो असतो. माफ कर.

सांगू नकोस म्हणालीस म्हणून सांगत नाही. मला काय वाटलं ते मात्र लिहितो. त्या माणसांनी शे-दीडशे मतं चोरली, एवढंच आधी माझ्या डोक्यात होतं. आता त्या एकेचाळीस बायका डोक्यातून जात नाहीत. त्यांनी धीर करून सह्या केल्या आणि सरकारी कागदाने त्यांना सांगितलं की असं काही घडलंच नाही. पुढच्या वेळी त्या घराबाहेर पडणार नाहीत. मग कुणाला काठ्या आणाव्या लागणार नाहीत, आणि मतदान खरोखरच शांततेत पार पडेल.

तू काहीही ठरव. मी आठ दिवसांची रजा टाकली आहे. कचेरीत जायचं ठरलं तर बरोबर येईन, नाही ठरलं तर तुझ्या हातचं जेवून परत जाईन. दोन्हीला माझी ना नाही.

तुझाच

दि. ६ मे

चि. खोडरबर यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तू येऊन गेलास, म्हणून त्या कचेरीच्या बाकावर चार तास बसवलं. माझा जबाब तू वाचलास आणि लाल पेन खिशातून काढलं नाहीस, हे मी विसरणार नाही. निलंबनाचा कागद आला. मी घरी असते, मुलांची आठवण येते आणि मग रडू येतं. खिडकीवर दोनदा दगड आले. तुझ्या भाऊजींनी दोन्ही वेळा काच बसवली आणि तिसरी जादा आणून ठेवली.

माझ्या जबाबावरून आमच्या केंद्रावर रविवारी फेरमतदान झालं. मी मतदार म्हणून रांगेत होते. पहिल्या वेळी सातशे आले होते, या वेळी जेमतेम साडेचारशे. त्या एकेचाळीसपैकी अठ्ठावीस मी मोजल्या. उरलेल्या तेरा आल्या नाहीत, आणि त्यातला काही दोष माझा आहे. माझ्या जबाबाने तो पुसला जात नाही.

निकाल तू छापलाच असशील. तोच उमेदवार पुन्हा आला, सतरा मतांनी. शेजारीण म्हणाली, मग एवढा खटाटोप करून मिळवलंत काय? मी कामाचं निमित्त काढून घरी आले.

काल शिपाई प्लास्टर काढून घरी आला. मी म्हटलं, तुझा हात फुकट मोडला रे, शेवटी तेच निवडून आले. तो ओशाळला. म्हणाला, बाई, माझं मत दोन्ही वेळा त्यांनाच होतं. मी थक्क झाले. मग त्यांच्याच माणसांचा मार खात पेटीवर आडवा का पडलास, असं विचारलं. तो म्हणाला, पेटीत माझं एकट्याचं मत थोडंच होतं.

शेजारणीला हे सांगायला आज जाते आहे. पत्र टाक, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई