पेरिनाचं तेल गरम करायचंय

२० ऑक्टोबर
निक्शाचा फोन. मुलगा एकच, पण बोलतो चौघांएवढं. दहा नोव्हेंबरला फेरीबोटीवरून क्रेन येणार, त्या दिवशी आपली बोट पेरिना पाण्याबाहेर निघाली पाहिजे, आणि त्याआधी इंजिनाचं तेल बदललेलं पाहिजे. नाहीतर हिवाळाभर घाण तेल इंजिन खात बसेल. यातलं काही राहिलं तर बोट विकणार. शहरातल्या कुणा हॉटेलवाल्याने मागितलीच आहे म्हणे.
मी म्हटलं, हे बायकोला विचारून बोलतोयस ना? तर म्हणाला, आई, विषय बदलू नकोस, तुझे गुडघे बघ, शेजारच्या बेपोला सांग.
बेपोला कशाला? श्पिरो जिवंत असताना दर वर्षी शेजारी बसून बघितलंय मी. नवऱ्याला शिव्या तेवढ्या येत होत्या, हातात पाने-पकड मीच द्यायची. नवीन तेलाचा डबा आहे, हातपंप आहे. निक्शाने उन्हाळ्यात डिझेलची टाकीही काठोकाठ भरून ठेवलीय. एका दुपारचं काम. उद्या.
पेरिना हे माझ्या सासूचं नाव. श्पिरोने बोटीला आईचं नाव दिलं, मला विचारलं नाही. सासू गेली, तो गेला, ही राहिली. माझा काही जीव नाही तिच्यात. पण निक्शाला विकू द्यायची नाही.

२१ ऑक्टोबर
जुगो सुटलाय. हा दक्षिणेचा दमट वारा असला की बेटावर शहाणं माणूस कशाला हात लावत नाही. डोकं जड. गुडघे ओल्या फडक्यासारखे. काम रद्द.

२५ ऑक्टोबर
जुगो गेला. पण ऑलिव्ह उतरवायचे होते. पाठ मोडली. झाडाखालीच बसून राहिले.

२७ ऑक्टोबर
गार तेल काकवीसारखं बसून राहतं, पंपाने वर येत नाही. आधी इंजिन चालवून गरम करावं लागतं, हे गाढवालाही कळतं. धक्क्याला बांधूनही चालवता आलं असतं, पण धूर बेपोच्या खिडकीत जातो. मी दुसऱ्याचा विचार करते. म्हणून पलीकडच्या खाडीपर्यंत गेले. नणंद विन्काचं पातेलं उन्हाळ्यापासून माझ्याकडे होतं, तेही देऊन झालं असतं. तिने बटाटे वाढले, वाइन ओतली, मग स्वतःच्या पित्ताशयाची हकीकत पहिल्यापासून सांगितली.
परत आले तेव्हा तेल छान तापलेलं. पण अंधार पडलेला. तोंड धुऊन कंदील आणते म्हटलं, तर खुर्चीतच डोळा लागला.

१ नोव्हेंबर
सर्व संतांचा दिवस. शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात गेले, बोटीने. चढाच्या रस्त्याने जायला गुडघे कुणाचे आणू? शिवाय तेल गरम होणारच होतं. एका फेरीत दोन कामं. निक्शाला असलं डोकं नाही.
श्पिरोला सांगितलं, तेल बदलतेय. नेहमीसारखा गप्प.
परतल्यावर अंगात चांगला काळा कोट. तो घालून काय इंजिनात शिरू? कपडे बदलून कॉफी घेईपर्यंत तेल गार.

४ नोव्हेंबर
आज संध्याकाळी पुन्हा गरम करायला नेली. स्क्विड मासे धरायची गळाची दोरी बोटीत होतीच, मी मुद्दाम घेतली नव्हती. गाठोड्यात भाकरी होती, तीही अशीच. स्क्विड चांगले लागले.
धक्क्यावर बेपो उभा. विचारतो, अगं लुक्रे, तेल गरम करतेस की मासे तळायला घेतलेस? मी म्हटलं, तुझ्यासारखं दिवसभर भिंतीला टेकून राहायला मी काय झाडू आहे? हसला. दात उरलेत कुठे, पण हसतो. दोन स्क्विड दिले, तोंड बंद राहावं म्हणून.
मासे साफ केले. तेल राहिलं.
निक्शाचा फोन. झालं का? म्हटलं, झालंच. हे खोटं नव्हे. जे होणारच आहे ते झाल्यासारखंच.

७ नोव्हेंबर
जुगो. फोन उचलला नाही.

९ नोव्हेंबर
झालं! दुपारी बंदराला एक चक्कर मारून आले आणि तशीच खाली उतरले. पंप मारला, काळंकुट्ट तेल डब्यात काढलं. थोडं बोटीच्या तळाला गेलं, थोडं ॲप्रनवर, थोडं केसांत. फिल्टर निघेना तेव्हा सासूचं नाव घेऊन एक हासडली, निघाला. नवीन तेल ओतलं. तेल मोजायची सळई घालून बघितलं, मधासारखं.
बेपो वाकून टाकीबद्दल काहीतरी सांगत होता. म्हटलं, गप्प बस, मी मोजतेय.
आता नवीन तेल इंजिनात सगळीकडे फिरायला हवं. उद्या सकाळी क्रेनच्या आधी पाच मिनिटं चालवते, बस्स.

१० नोव्हेंबर
सकाळी समुद्र ताटासारखा. पाच मिनिटांत तेल काय फिरणार? म्हणून दीपगृहापर्यंत गेले. तिथून पुढे खडकापर्यंत, कारण वळायला जागा हवी. तिथे इंजिन खोकलं आणि बसलं.
टाकी कोरडी. इतकं डिझेल गेलं कुठे, कळत नाही. दोन आठवडे तर ती नुसती गरम होत होती. वल्ही घरी, भिंतीला टेकवून.
तिथून क्रेनचा पिवळा हात दिसत होता. एकेक बोट वर जायची, हवेत हलायची, खाली यायची. लांबून बरं दिसतं.
बेपो आला, दोर टाकला, ओढून आणलं.
तोवर क्रेन पुन्हा फेरीवर चढलेली. क्रेनवाल्याने दोन कॉफ्या होईपर्यंत वाट पाहिली म्हणे. त्याच फेरीने आलेला निक्शा धक्क्यावर उभा. बोटीत उतरला, सळई काढली, रुमालाला पुसून बघितली. म्हणाला, आई, तेल तर बदललंयस. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग काही नाही. आणि बाजूला जाऊन हॉटेलवाल्याला फोन लावला.

११ नोव्हेंबर
हॉटेलवाला आला, हातात टेप. लांबी मोजली, रुंदी मोजली, इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. म्हटलं, तेल नवीन आहे. तो म्हणाला, आजीबाई, इंजिन नको मला, जड होतं. बोट दारासमोर ठेवून तिच्यात माती भरणार, पिटुनिया लावणार, गिऱ्हाइकं फोटो काढतील.
सासूच्या पोटात फुलं! बाईने जन्मात कुणाला फूल दिलं नाही.

१४ नोव्हेंबर
काल निक्शाने आणि बेपोने इंजिन काढून तळघरात वाइनच्या पिंपाशेजारी ठेवलं. सकाळी हॉटेलवाला बोट ओढून घेऊन गेला. मी धक्क्यावर गेले नाही, बटाटे सोलायचे होते. निक्शाही दुपारच्या फेरीने गेला.
आत्ता जाऊन सळई बघून आले. तेल अजून तसंच, मधासारखं. पण गार पडलंय.
उद्या बेपोकडे थोडं डिझेल मागते. जरा चालवून गरम करून ठेवायला हवं.