चौथं पान

आई, तू ज्या कागदावर अंगठा उठवला होतास, तो मी वाचला नव्हता. पवनारहून बसनं तुला वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं होतं, गुडघ्यांसाठी. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, घरात वाचता येणारी एकटीच. डॉक्टर म्हणाले, नवीन औषध आहे, तपासून पाहतो आहोत. मी कागद हातात घेतला तशी तू हळूच दटावलंस, "ठेव तो. वाचत बसली तर साहेबाले वाटन, आपला भरोसा नाई." मी ठेवला. औषधानं तुला अपाय झाला नाही, गुणही आला नाही. निघताना त्यांनी स्टीलचा डबा दिला होता, त्यात मी अजून देवाच्या वाती ठेवते.

आता तेच कागद वाचायचं काम माझ्याकडे आलंय, हसशील तू. माणसांवर नवीन औषध तपासायचं तर आधी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिच्यात डॉक्टर, वकील असतात, आणि आपल्यासारखं एक साधं माणूसही लागतं, म्हणून मला घेतलं. एकादशी असली तरी मी बैठक चुकवत नाही, उपासाचे शेंगदाणे घरूनच नेते. मागच्या खेपेला गुडघ्याच्या औषधाचं संमतीपत्र आलं. चौथ्या पानावर होतं की निम्म्या लोकांना औषध मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. मला ते तीनदा वाचावं लागलं. मी म्हटलं, सरळ लिहा ना, कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. वकीलसाहेब हसले, पण लिहिलं तसंच. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली.

परवा भजनाला समोरच्या घरची बाई भेटली. माझ्याहून मोठी, गुडघे अगदी तुझ्यासारखे. त्याच औषधासाठी सही करून आले म्हणाली, सोमवारपासून गोळ्या. मी विचारलं, कागद वाचला का?

"तू हायेस न त्या कमिटीत? तू वाचला, मंग मी काऊन वाचू?"

दिवाळीपर्यंत नदीवर पायी उतरीन म्हणते. तिला वाटतं, औषध मिळणारच.

कमिटी कागद सुधारू शकते, कुणाला तो उघडायला लावू शकत नाही. मला तिथंच सांगता आलं असतं, चौथं पान तर पाठ आहे. मी टाळ उचलले. चारचौघींत तिनं माझ्यावर भरोसा टाकला, तो मला गोड लागला गं. तुझ्या डॉक्टरांनाही तेव्हा असंच झालं असेल का?

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिते आहे. पाठवायचं कुठे? आज शनिवार. ती समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली आहे. इथून हाक मारली तरी ऐकू जाईल, आणि मी आधी तुला लिहायला बसले.