आईच्या मताला माझा हात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकलो ते मनातल्या मनात). तुझी तब्येत, भावोजींचा खोकला आणि तुमच्या जिन्याची दुरुस्ती, सगळं मार्गी लागलं असेलच. इकडे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी अजून आहे, दुसऱ्या डोळ्यानं आधीपासूनच धूसर दिसतं, जीभ मात्र ठणठणीत आहे. चष्म्याच्या दुकानदाराच्याच आईला दिसत नाही, यावर गिऱ्हाइकं जे विनोद करतात ते तुला लिहीत नाही.

तू विचारलंस, शेजारचा घड्याळवाला माझ्याशी बोलेनासा का झाला. तर ऐक. तो नगरपालिकेला उभा होता. आमच्या दोन दुकानांत भिंत एक, शिडी एक आणि दुपारचा चहाही एकच. त्यामुळे मी छाती ठोकून शब्द दिला होता, की आमच्या घरची सगळी मतं तुझी. (घरची मतं म्हणजे माझं एक आणि मी गृहीत धरलेली बाकीची.) दर निवडणुकीला कुणाला मत द्यायचं ते मी जेवताना जाहीर करतो, आई 'बरं बाबा' म्हणते आणि मला भाजी वाढते. इतक्या वर्षांत मला कधी शंकासुद्धा आली नाही.

या वेळी ऑपरेशन ताजं होतं, म्हणून म्हटलं, आईनं घरीच आराम करावा, एका मतानं काय आभाळ कोसळणार आहे? तसं तिला बोलूनही दाखवलं. तिनं ठेवणीतले कपडे काढायला लावले आणि दारात जाऊन उभी राहिली.

मतदान शाळेत होतं, तेही बालवर्गात, जिथली बाकं माझ्या गुडघ्याएवढी. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, मतदाराला दिसत नसेल तर सोबत्यानं आत जावं, मतदार सांगेल तिथे शिक्का मारावा आणि बाहेर येऊन तोंड उघडू नये. मी गंभीर चेहऱ्यानं शपथ घेतली. पडद्याआड जाऊन आईच्या कानाशी हलक्या आवाजात नावं वाचून दाखवली, घड्याळवाल्याचं जरा प्रेमानं. आता, आईला हल्ली ऐकू कमी येतं, आणि अशी माणसं कुजबुजली की रस्त्यापर्यंत ऐकू जातं. 'त्या बस चालवणाऱ्या बाईला मार,' ती कुजबुजली. पडद्याबाहेर खुर्ची करकरली. तिच्यावर घड्याळवाल्याचा मेव्हणा बसला होता, त्याचा प्रतिनिधी म्हणून. (आईनं नाव घेतलं नाही आणि मीही लिहिलेलं नाही, तेव्हा माझी शपथ शाबूत आहे.)

'अगं, आपलं ठरलंय ना?' मी म्हणालो.

'तुझं ठरलंय. ती दवाखान्याच्या रस्त्याला बस आणीन म्हणतेय. तुझा घड्याळवाला गेलाय का कधी त्या रस्त्यानं पायी?'

ताई, खोटं कशाला लिहू? शिक्का माझ्या हातात, आईला दिसत नाही, आणि बाहेर मेव्हणा कान टवकारून बसलेला. माझा हात घड्याळवाल्याच्या चौकोनावर जाऊन थांबला. तेवढ्यात आई पुन्हा बोलायला लागली, आणि या वेळी खरंच हळू. म्हणाली, तिच्या आईला मताचा अधिकारच नव्हता. आजोबा आत जायचे आणि आजी त्यांची छत्री सांभाळत बाहेर उन्हात उभी राहायची. (छत्री मिटलेली, कारण ती आजोबांची होती.) 'तिला काय वाटतं, हे कुणी कधी विचारलंच नाही रे. बायकांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या, तेव्हा कुठे हा कागद हातात आला. मारलास का शिक्का?'

मला माझीच लाज वाटली. हात उचलला आणि आईनं सांगितलं तिथे शिक्का मारला. स्वतःचं मत मी आजवर पानाला चुना लावावा तसं देत आलो, आईचं हातात आलं तर शिक्का चौकोनात नीट बसला ना, हे दोनदा पाहिलं.

बसवाली बाई निवडून आली. बस अजून यायची आहे. घड्याळवाला शिडी घेऊन गेला तो गेलाच, आणि माझ्या दुकानातला वरचा दिवा बंद पडून आहे. भावोजींना नमस्कार, खोकल्याला नको.

तुझा,
चष्मेवाला भाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आता मोठी निवडणूक येते आहे आणि त्याच सुमारास आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. या खेपेला सोबती म्हणून तू जा. माझे अजून दुसऱ्या बाजूचे शेजारी शिल्लक आहेत.

ता. क. २. हे पत्र माझ्या मुलीनं आईला वाचून दाखवलं. माझा हात कुठे थांबला होता, ती ओळ आईनं पुन्हा वाचायला लावली. मग मुलीला म्हणाली, 'शिक्का कुठे मारला हे तोच सांगतोय, मी पाहिलेलं नाही. त्याला म्हणावं, आत्याला लिही, तूच ये. आणि कुणाला मत द्यायचं ते तूही मला सांगू नकोस.'